भोंगा वाजल्याशिवाय फ्लॉपी हलणार नाही

सांगलीच्या विश्रामबागेत एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, ते सगळे जोडलेला एक सर्व्हर आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. प्रिंटर सुरू झाला की खालचा दुकानदार छताकडे बघून कपाळाला हात लावायचा. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी आम्ही पॅकेज, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम, केलं होतं. उसाची गाडी आली की भरलेली वजन करायची, ऊस उतरवून निघाली की रिकामी वजन करायची, दोन्हीतला फरक शेतकऱ्याच्या नावावर टाकून छापील पावती हातात द्यायची. सांगायला एवढंच काम. पण त्या पावतीकडे घरची सगळी माणसं वर्षभर डोळे लावून बसलेली असतात. तिच्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर काट्यावर उभा असलेला माणूस कॉम्प्युटरला शिव्या देत नाही. तो कॉम्प्युटरवाल्याला देतो, आणि त्याचं नाव माहीत नसल्यामुळे आईबापापासून सुरुवात करतो.

कॉम्प्युटरवाले म्हणजे आम्ही तिघं. एक आमचे मालक. त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ते सांगलीला परत आले होते, आणि तसं का केलं हे दिवसातून एकदा तरी स्वतःलाच मोठ्याने विचारायचे. दुसरा माझा सहकारी, मिरजेचा, हुशार आणि आळशी, आणि दोन्हीचा त्याला सारखाच अभिमान. तिसरी मी, साताऱ्याची. कराडला इंजिनिअरिंग शिकले आणि पुण्या-मुंबईला न जाता सांगलीला आले, कारण मला हे काम आवडलं होतं. ह्यापेक्षा मोठं कारण मला तेव्हाही देता आलं नाही आणि आताही देता येणार नाही.

त्या काळी आम्ही पॅकेज कसं तयार करायचो ते आधी सांगते, म्हणजे आमची अब्रू का गेली ते कळेल. तिघांनी तीन टेबलांवर आपापले तुकडे लिहायचे. ज्याचं आधी होईल त्याने बाकीच्यांचे तुकडे फ्लॉपीवर घ्यायचे, आपल्या मशीनवर सगळं एकत्र कंपाईल करायचं, म्हणजे मशीनला चालवता येईल असं बनवायचं, आणि चालवून बघायचं. चालवून बघायचं म्हणजे काय, तर एका शेतकऱ्याचं नाव टाकायचं, एक गाडी आत घ्यायची, तीच बाहेर काढायची, आणि पावती आली की 'झालं' म्हणायचं. तिघांचाही तो शेतकरी एकच, गाडीचा नंबर एकच आणि उसाचं वजनही तेच. मग साहेब फ्लॉपी गणपतीच्या फोटोपुढे ठेवून तिला हळदकुंकू लावायचे आणि पहिल्या एसटीने कारखान्यावर जायचे. एकदा ते कुंकू फ्लॉपीच्या पत्र्याआड गेलं आणि तिकडे फ्लॉपी वाचलीच जाईना. तेव्हापासून साहेब कुंकू फ्लॉपीऐवजी तिच्या पाकिटाला लावायला लागले. आमच्या कामाच्या पद्धतीत तोवर झालेली ती एकमेव सुधारणा होती.

एका हंगामात, ऐन थंडीत, असंच एक पॅकेज गेलं. त्यात साहेबांचा आणि माझा तुकडा नवा होता आणि सहकाऱ्याचा जुना. घाईत भलत्याच फ्लॉपीवरून घेतला गेला होता. मी त्या दिवशी कारखान्यावरच होते. पहिल्या काही गाड्या नीट गेल्या. मग एका पावतीवर आधीच्या गाडीवाल्याचं नाव आलं, आणि त्यानंतर प्रत्येकाच्या पावतीवर रांगेतल्या त्याच्या आधीच्या माणसाचं नाव येत गेलं. ज्याच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं, त्याने बैलगाडी काट्यावरच उभी केली आणि खिडकीशी आला.

"आवं ताई, ऊस माझा आन् नाव चुलतभावाचं? त्येच्यासंगं माझी कोर्टात तारीख चालू हाय."

मागे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली. बघता बघता खिडकीत इतकी डोकी जमली की आत उजेड येईना. मग शेतकी अधिकारी आले. कारखान्यात येणाऱ्या उसाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांनी आल्या आल्या कॉम्प्युटरची वायर उपटली आणि काट्यावरच्या कारकुनाला जुनी पावतीपुस्तकं काढायला सांगितली. कारकुनाने ती टेबलाखाली तयारच ठेवली होती.

साहेब दुसऱ्या दिवशी हातापाया पडायला गेले, तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं, "पुढच्या हंगामात एकदा लावून बघू. मोळीच्या दिवशी परत असं झालं, तर तो डबा उचलायचा आणि ह्या फाटकात पाऊल टाकायचं नाही." मोळीचा दिवस म्हणजे हंगामाचा पहिला दिवस, उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकून गाळप सुरू करतात. हा कारखाना गेला असता तर आमच्याकडचे बाकीचेही गेले असते, कारण इथल्या कारखान्यांची संचालक मंडळी एकमेकांच्या लग्नकार्यात भेटतात आणि तिथे जेवणाच्या पंगतीत असल्याच गोष्टी निघतात. मग ऑफिसला कुलूप. साहेबांनी हे आम्हाला आरडाओरडा न करता सांगितलं, त्यामुळे ते जास्त लागलं.

मला तर ते दुहेरी लागलं. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले होते. साताऱ्यात त्यांनी माझ्यासाठी एका शाळेत गणिताच्या जागेसाठी शब्द टाकून ठेवला होता. सुट्टीत घरी गेले तेव्हा त्यांनी एकदाच काय ते सांगितलं.

"तुझं त्ये हापिस चालतंय तवर ऱ्हा. बंद पडलं का साळंत यायचं. मग मला पुणं-बिणं सांगायचं न्हाई."

मला शाळेचा राग नव्हता. गणित मी शिकवलंही असतं. पण आपण केलेली गोष्ट लोकांसमोर वायर उपटून बंद केली गेली, आणि त्यानंतर आपण निमूट घरी गेलो, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. माझा स्वभाव तसा नाही. घरी ह्याच स्वभावावरून लहानपणापासून बोलणी खात आले होते.

युक्तीही सुचली ती घरच्याच एका शिस्तीवरून. आमच्याकडे कुणी गावाला निघालं की ट्रंक एकाने भरायची आणि दुसऱ्याने तपासायची, तीही दरवेळी त्याच क्रमाने, काही राहिलंय असं वाटत नसलं तरी. भरणाऱ्याने स्वतः तपासलेलं आण्णांना चालत नसे. मी सांगलीला परतले आणि साहेबांना म्हटलं, "साहेब, आपलं पॅकेज भरणारे आपण आणि तपासणारेही आपण. तपासायला चौथं कुणीतरी पाहिजे." साहेब म्हणाले, "चौथ्याला बसवू कुठे?" मी कोपऱ्यातल्या नव्या मशीनकडे बोट दाखवलं.

ते मशीन साहेबांचा जीव की प्राण होतं. ऑफिसातलं सगळ्यात वेगवान, आणि म्हणून त्यावर कुणी काम करायचं नाही. गिऱ्हाईक आलं की वरचं कापड काढून दाखवायचं. मी रोज सकाळी त्याच विषयाने सुरुवात करायची. शेवटी कंटाळून त्यांनी कापड काढून माझ्या टेबलावर टाकलं. "घ्या. पण गिऱ्हाईक आलं की झाकायचं."

आता अशा तपासणीला मोठमोठी नावं आहेत आणि आजची पोरं ती चटचट घेतात. आम्हाला नाव माहीत नव्हतं, काय पाहिजे ते माहीत होतं. मी एक बॅच फाईल लिहिली, म्हणजे एकाखाली एक हुकूम. मशीन ते वरून खाली वाचत जाणार आणि पाळणार. पहिला हुकूम, स्वतःकडचं जुनं पॅकेज संपूर्ण पुसून टाक. दुसरा, तिघांचे तुकडे फक्त सर्व्हरवरून घे, कुणाच्या फ्लॉपीवरून नाही. ज्याने आपला तुकडा सर्व्हरवर ठेवला नाही, त्याने तो लिहिलाच नाही असं समजायचं. ह्यावरून सहकाऱ्याने माझ्याशी काही दिवस अबोला धरला, कारण त्याचं निम्मं काम कायम त्याच्या खिशातल्या फ्लॉपीत असायचं. तिसरा हुकूम, सगळं कंपाईल कर. आणि मग खरं काम, पॅकेज चालवून बघ.

पण चालवणार कोण? कीबोर्डवर बोटं लागतात. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो मेमरीत दबा धरून बसायचा आणि एका फाईलीतली अक्षरं पॅकेजला अशी पुरवायचा की त्याला वाटावं, माणूसच टाइप करतोय. पहिल्याच दिवशी त्याने अक्षरं इतक्या भराभर ओतली की पॅकेजने अर्धीच घेतली. शेतकऱ्याचं नाव अर्धं, गावाच्या जागी गाडीचा नंबर आणि वजनाच्या जागी काहीच नाही. मग प्रत्येक अक्षरामागे थोडं थांबायला शिकवलं. पुढे एकदा पॅकेजने मध्येच 'नक्की का?' असं विचारलं. त्याचं उत्तर मी फाईलीत लिहिलंच नव्हतं. आम्ही जेवून, हात धुऊन, पान खाऊन आलो तरी पडद्यावर तो प्रश्न तसाच, आणि मशीन आपलं उत्तराची वाट बघतंय. सहकारी म्हणाला, "ह्याचा स्वभाव माझ्यावर गेलाय." तेवढ्यावर आमचा अबोला सुटला.

तारखेने मला सगळ्यात जास्त छळलं. पॅकेज तारीख बघून हंगाम ठरवायचं, म्हणून तपासणीच्या आधी मी मशीनला मागच्या जानेवारीतल्या एका दिवसात न्यायची आणि संपल्यावर परत आजच्या दिवसात आणायची. एकदा मध्येच लाइट गेली आणि मशीन जानेवारीतच राहिलं. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. साहेबांनी नेमकं त्याच मशीनवर बसून एका गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं, 'येत्या सोमवारी येत आहे', आणि तारीख मशीननेच घातली. त्या गृहस्थांचा फोन आला की तुम्ही गेल्या जानेवारीत येणार होता, आलाच नाहीत, आणि पत्र मात्र आता पोचलंय. पोस्टाची कमाल आहे. साहेबांनी पोस्टाला दोष देऊन वेळ मारून नेली आणि मग माझ्याकडे वळले. त्या दिवसापासून मशीन सुरू होताक्षणी सर्व्हरची तारीख घ्यायला लागलं.

पावत्यांचं मात्र छान जमलं. त्या प्रिंटरवर न पाठवता फाईलीत उतरवायच्या, आणि मी हाताने हिशेब करून, तपासून ठेवलेल्या बरोबर पावत्यांशी अक्षरन् अक्षर जुळवायच्या. एक जागा जरी चुकली तरी मशीन गप्प बसायचं आणि कुठली पावती, कुठली ओळ चुकली ते प्रिंटरवर छापायचं. सगळं जुळलं तर आवाज करायचं. तो आवाज सहकाऱ्याने केला. त्याने मशीनच्या आतल्या इवल्याशा स्पीकरमधून हुबेहूब कारखान्याचा भोंगा काढला, खालून वर चढत जाणारा. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा खालचा दुकानदार पायऱ्या चढून वर आला. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी सगळ्यांना भेळ खायला घातली, दुकानदारालाही.

आता मशीनला खायला खरे प्रसंग पाहिजे होते. त्यासाठी मी उन्हाळ्यात दोनचारदा कारखान्यावर जाऊन आले. काट्यावरचा कारकून कॉम्प्युटरचा उघड वैरी. पावतीपुस्तकं टेबलाखाली ठेवणारा तोच. मी समोर बसले की त्याला चेव यायचा.

"आवं मॅडम, आमच्यात येका गावात येकाच नावाची दोन मानसं हायती. बापाचं नाव येक, आडनाव तर येकच आसनार. मग काय करतंय तुमचं मशीन?"

मी ते लिहून घ्यायची आणि ऑफिसात येऊन मशीनला घालायची. पॅकेज मोडायचं. आम्ही दुरुस्त करायचो. पुढच्या खेपेला तो मुद्दाम विचारायचा, "मोडलं का?" मी म्हणायची, "मोडलं होतं. आता नाही मोडत." मग त्याचं तोंड उतरायचं आणि चहा संपेपर्यंत तो नवीन काहीतरी काढायचा. वाटेत ट्रॉली बदलली तर? रिकाम्या गाडीच्या वजनाला गाडीवानाचा सगळा कुटुंबकबिला वर बसून आला तर? गाडी आत एका पाळीत आली आणि बाहेर दुसऱ्या पाळीत पडली तर? इतका मन लावून मदत करणारा शत्रू मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही.

दसऱ्यापर्यंत अशी परिस्थिती आली की आम्ही जेवायला उठलो की मशीन एकटंच अख्ख्या कारखान्याचा एक दिवस चालवायचं. शेकडो गाड्या आत-बाहेर, तिन्ही पाळ्या, भांडखोर भाऊबंद, बदललेल्या ट्रॉल्या, सगळं. ह्या वेळपर्यंत साहेबांकडून मी एक कबूल करून घेतलं होतं: भोंगा वाजल्याशिवाय फ्लॉपी हलणार नाही. त्यांनी मान डोलावली होती. मान डोलावणं आणि पाळणं ह्यात किती अंतर आहे ते मोळीच्या आदल्या दिवशी सकाळी कळलं.

सगळं झालेलं होतं. भोंगा वाजला होता, फ्लॉपी पाकिटात होती, पाकिटाला कुंकू लागलं होतं. तेवढ्यात कारखान्यावरून चेअरमनच्या ऑफिसचा फोन. यंदाच्या पावतीवर सगळ्यात वर 'श्री' पाहिजे, चेअरमनसाहेबांची इच्छा आहे. ह्यात वावगं काहीच नव्हतं. आमच्याकडे किराणा मालाच्या यादीवरसुद्धा माणूस आधी वर श्री लिहितो आणि मग साखर लिहितो. साहेब फोनवरच म्हणाले, "अहो, त्यात काय, आत्ता होऊन जाईल." आणि खरंच त्यांनी स्वतः बसून ठिपक्या-ठिपक्यांचा सुरेख श्री तयार केला, पॅकेजमध्ये एक ओळ वाढवली, आणि छापील कागदावर एक पावती काढली. देखणी आली होती. साहेबांनी तिला नमस्कार केला, फ्लॉपी नवी केली आणि चप्पल घालायला लागले.

मी दारात उभी राहिले.

"साहेब, भोंगा."

"अहो मॅडम, एक ओळ घातलीय. एका ओळीला कसली परीक्षा?"

"एकच ओळ आहे तर लगेच पास होईल."

"एसटी चुकेल."

"पुढची मिळेल."

साहेबांना राग आला होता आणि तो दाखवायचा की नाही हे ठरत नव्हतं. मलाही भीती वाटत होती. मालकाला दारात अडवायला काळीज घट्ट लागतं. पण वायर उपटली गेली तेव्हा मी काट्यावर होते, साहेब नव्हते. मी जागची हलले नाही. त्यांनी चप्पल काढली नाही, तसेच स्टुलावर बसले.

मशीन सुरू केलं. कंपाईल झालं, गाड्या आत-बाहेर झाल्या, आणि मग काहीच नाही. भोंगा वाजला नाही. प्रिंटर खडखडायला लागला, आणि थांबेचना. पहिली पावती चूक, दुसरी चूक, सगळ्याच चूक.

साहेब हसायला लागले. "अहो, श्री घातला म्हणजे जुन्या पावतीपेक्षा फरक दिसणारच. तुमचं मशीन नास्तिक निघालं." सहकारीही हसला. त्यांचं म्हणणं रास्त होतं, आणि तेच मला झोंबलं. मशीनला मी जे बरोबर म्हणून शिकवलं होतं त्यात श्री नव्हता. मग बरोबर काय ते आता मीच ठरवायला पाहिजे होतं. मी कारखान्याचा कोरा छापील कागद घेतला. त्यावर नावाची, गाडीची, वजनाची चौकट आधीच छापलेली, एकेक पावती फाडायला भोकांची रेघ मारलेली. चौकटी काही आपल्यासाठी जागच्या हलणार नव्हत्या. मी ओळी मोजल्या आणि बरोबर पावती नव्याने लिहिली: वरच्या रिकाम्या जागेत श्री, बाकी सगळं होतं तिथेच. साहेब घड्याळाकडे बघत राहिले. मी मशीन पुन्हा सुरू केलं.

पुन्हा गप्प.

"आता काय म्हणतंय?" साहेबांचा आवाज आता हसरा नव्हता.

मी छापून आलेला कागद वाचला. पहिली पावती एका ओळीने खाली, दुसरी दोन ओळींनी, तिसरी तीन. त्याच क्षणी सगळं लख्ख समजलं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही एकच पावती काढून बघितलीत. पुढच्या काढा. छापील कागदावर."

प्रिंटरला छापील कागद लावला. पहिली पावती मघासारखीच देखणी. चौकट मोठी होती, एक ओळ खाली आलेलं डोळ्यांना दिसत नव्हतं. दुसरीत नाव चौकटीच्या बुडाला टेकलं. पुढच्या एकीत ते गाडी नंबरच्या जागेत उतरलं, वजन त्याखालच्या रेघेवर बसलं. जोडलेला कागद ठरलेल्या जागीच फाटणार आणि आम्ही प्रत्येक पावतीला एक ओळ जास्त ढकलत होतो, त्यामुळे प्रत्येक शेतकऱ्याचा ऊस पुढच्याच्या पावतीकडे सरकत चालला होता. थोड्या वेळाने तर खुद्द श्रीच वजनाच्या चौकटीत येऊन बसला.

तिघांच्याही डोळ्यांसमोर उद्याची रांग होती, आणि खिडकीतली ती डोकी. साहेबांनी चप्पल काढून बाजूला ठेवली.

दुरुस्ती सोपी होती. वरची एक रिकामी ओळ काढून तिच्या जागी श्री बसवायचा. साहेब म्हणाले, "तुम्हीच करा," आणि माझ्यामागे उभे राहिले. मी केली, सर्व्हरवर ठेवली आणि मशीन तिसऱ्यांदा सुरू केलं. एरवी ते चालू असताना मी दुसरं काही करायची. त्या दिवशी आम्ही तिघंही पडद्याकडे बघत बसलो. गाड्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या, भाऊबंद भांडत होते, पाळ्या बदलत होत्या. मग मशीन पावत्या जुळवायला लागलं आणि पडदा काळा झाला. ते थोडंसं थांबणं मला आजही आठवतं.

आणि भोंगा वाजला. खालून वर चढत गेला आणि चांगला लांबला. मी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. सहकाऱ्याने उगीचच खिडकी उघडली. साहेबांनी फ्लॉपी घेतली, पाकिटात घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "चला, तुम्हीपण. उद्या तुम्ही काट्यावर पाहिजे."

दुसऱ्या दिवशी कारखान्यावर मांडव, ताशा आणि माइकवर भाषणं. मी त्यातलं काही ऐकलं नाही, काट्याच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून होते. मोळी पडली, मशिनरीची घरघर सुरू झाली आणि गाड्या काट्यावर यायला लागल्या. शेतकी अधिकारी आत आले ते सरळ भिंतीवरच्या प्लगजवळ जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. पहिली पावती निघाली. वर श्री, खाली नाव नावाच्या जागी, वजन वजनाच्या जागी. दुसरी निघाली, तशीच. कारकून प्रत्येक पावती उजेडात धरून, चष्मा वरखाली करून वाचायचा आणि नाइलाजाने खिडकीतून बाहेर द्यायचा. बऱ्याच वेळाने तो स्वतःशीच पुटपुटला, "आज काय मोडंना गड्या ह्ये."

अधिकारी उभेच होते. गाड्यांमागून गाड्या गेल्या. बाहेर दोन ट्रॅक्टरवाल्यांची नंबरावरून जुंपली आणि आरडाओरडा आत ऐकू यायला लागला. अधिकाऱ्यांनी एकदा प्रिंटरकडे बघितलं, हाताची घडी सोडली आणि भांडण सोडवायला बाहेर निघून गेले. परत ते काट्याच्या खोलीत आलेच नाहीत. मला वाटतं, माझ्या कामाला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती. मी तिथेच, कारकुनासमोर, मोठ्याने हसले, आणि का हसले ते त्याने विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मिरजेच्या एका डॉक्टरांचा ऑफिसात फोन आला. त्यांच्या दवाखान्यासाठीही आम्ही एक पॅकेज करत होतो, आणि त्यांना एक छोटा बदल संध्याकाळच्या आत पाहिजे होता. साहेब फोनवर बोलत होते, मी माझ्या जागेवरून ऐकत होते.

"हो डॉक्टर, मी मालक आहे हे खरं," साहेब म्हणाले. "पण आमच्याकडे भोंगा वाजल्याशिवाय फ्लॉपी हलत नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही." आणि वर त्यांनी श्रीची सगळी गोष्ट डॉक्टरांना रंगवून सांगितली. त्यात दार अडवून उभे राहणारे ते स्वतः होते. मी ते चालवून घेतलं.

त्या संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या बूथमधून साताऱ्याला फोन लावला. आण्णांनीच उचलला.

"आण्णा, कारखान्यावर नीट चाललंय. शाळेत नाही म्हणून सांगा."

आण्णा म्हणाले, "सांगतो. पर मला येक सांग. सगळं त्या मशिनीला इचारून करतायसा म्हन. तिला कसं कळतंय, काय बरूबर आन् काय चूक?"

"मी सांगते तिला, आण्णा."

"तू सांगतीस?"

"हो. मीच सांगते."

"मग ऱ्हा तितंच," आण्णा म्हणाले.